चेरापुंजीहून पाच लिटर

साडेपाच हजार किलोमीटर मोटारसायकल चालवून आलेल्या माणसाला स्वतःच्या गावात शिरायलाच बंदी असते, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी चेरापुंजीलाच एखादी खोली भाड्यानं घेतली असती.

सोमवारी सकाळी सात वाजता मी नांदूरघाटच्या फाट्यावर पोचलो. तिथून माझं घर दोन किलोमीटर. सव्वीस दिवस एकट्यानं गाडी हाकून अंग पार आंबून गेलं होतं. घरी जावं, गीताबाईच्या म्हणजे आमच्या कुटुंबाच्या हातचा चहा प्यावा आणि आडवं व्हावं, एवढी एकच इच्छा उरली होती. पण फाट्यावर बंकट उभा होता. बंकट म्हणजे आमच्या दूध संघाच्या चेअरमनसाहेबांचा खास कार्यकर्ता. त्यानं हातातली मंडपाची सुतळी माझ्या गाडीपुढं आडवी धरली.

"थांबा शहादेवराव. तुमी अजून आलेले न्हाईत."

"आलो की. हा काय तुझ्यापुढं उभा हाय."

"पत्रिकेत अकरा वाजता आगमन छापलंय. साहेबांच्या शुभहस्ते. तुमी आत्ताच गावात शिरलात तर यात्रा संपली. मंग साहेबांनी अकराला येऊन संपवायचं काय?"

मी गाडी बाभळीखाली लावली आणि अजून न आलेल्या माणसासारखा बसून राहिलो.

समोर पाझर तलावाच्या काठावर मंडप उभा राहत होता. तलाव म्हणजे आता तडकलेल्या मातीचं मैदान. पण फलक जोरदार होता. 'जलदूत शहादेव यांचे चेरापुंजीहून विजयी पुनरागमन'. त्यावर चेअरमन मोहनरावांचा फोटो माझ्या गाडीएवढा होता आणि माझा पासपोर्टएवढा, तोही ओळखपत्रावरून काढलेला, अर्ध्या कपाळावर संघाचा गोल शिक्का असलेला. विजय कुणावर मिळवला ते लिहिलेलं नव्हतं. मला विचारलं असतं तर मी पाठदुखीवर असं सांगितलं असतं, पण तिनंच मला जिंकलं होतं.

खरं म्हणजे मी जलदूतही नाही आणि प्रवासीही नाही. दूध संघाच्या केजच्या शीतकरण केंद्रात मी कारकून. त्या साली दुष्काळानं जनावरं छावणीत गेली, दूध आटलं आणि शीतकरण केंद्रात थंड करायला माझ्याशिवाय काही उरलं नाही. बसल्या बसल्या मला शाळेतलं भूगोलाचं पुस्तक आठवलं. जगात सर्वांत जास्त पाऊस चेरापुंजीला पडतो. म्हटलं, आपल्याकडं दोन वर्षं पडला नाही, निदान पडतो तिथं जाऊन बघून तरी येऊ. रजेच्या अर्जात कारण लिहिलं, 'पाऊस पाहणे'.

हा अर्ज तीन टेबलांवर फिरला. पहिल्या टेबलानं शेरा मारला की पाऊस ही बाब संघाच्या कार्यक्षेत्राबाहेरची आहे. दुसऱ्यानं विचारणा केली की सदर पाऊस खाजगी आहे की सार्वजनिक. तिसऱ्यानं पावसाचं प्रमाणपत्र जोडायला सांगितलं. शेवटी अर्ज मोहनरावांपुढं गेला. त्यांनी माझं कारण खोडून वर लिहिलं, 'दुष्काळ निवारणार्थ जलयात्रा', आणि संघाचं नाव तांबड्या रंगात लिहिलेली पाच लिटरची दुधाची कॅन माझ्या हातात दिली. म्हणाले, "येताना तिथल्या पावसाचं पाणी आणा. आपल्या तलावात सोडू." माझी साधी रजा अशी सहकारी तत्त्वावर गेली.

शेजारचे धोंडीराम एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षांत बीडच्या पलीकडं कधी गेले नाहीत, त्यामुळं भारतभराच्या रस्त्यांची त्यांना बारीक माहिती. ते म्हणाले, "लायसन बुटात ठेवा. खिशात चोर हात घालतेत, बुटात कोन घालतंय?" मी ऐकलं. आसामच्या हद्दीवर सहा पोलिसांसमोर मी रस्त्याच्या कडेला बसून बूट काढला, मोजा काढला आणि लायसन काढून दिलं. बारा दिवसांच्या घामानं त्याच्यावरचा फोटो पार धुऊन गेला होता. फोटोतला माणूस कोण हे त्यांनाही कळेना आणि मलाही. वासामुळं मात्र कोणी ते फार वेळ हातात धरलं नाही आणि माझी लवकर सुटका झाली, हे धोंडीरामांच्या बाजूनं सांगायला हवं.

कॅनचाही फार उपयोग झाला. नागपूर सोडल्यापासून प्रत्येक गावात मला दुधाचा भाव विचारला गेला. मी कशासाठी, कुठं चाललोय हे सांगायला लागलो की माणसं निघून जायची. बिहारात एका म्हाताऱ्यानं स्वतः झाकण उघडून आत पाहिलं, आणि दुधात पाणी घालणारे गवळी पाहिले पण दोन्ही न घालणारा आजच पाहिला, अशा अर्थाचं काहीतरी बोलून मला वाटेला लावलं.

आणि असा मी चेरापुंजीला पोचलो. फेब्रुवारीचा महिना. वर आकाश निळंशार. ढगाचं बोटभर ठिगळ कुठं दिसेना. पाऊस नाही आणि मागच्या तीन महिन्यांत पडलेलाही नाही. भूगोलाच्या पुस्तकात पाऊस लिहिला होता, महिना लिहिलेला नव्हता.

हताश होऊन मी घरी फोन लावला. गीताबाईनं उचलला, पण मी तोंड उघडायच्या आत धोंडीरामांनी तो तिच्याकडून घेतला आणि स्पीकरवर टाकला. आमची सगळी गल्ली तेव्हा टँकरची वाट बघत घागरी घेऊन बसली होती, ते मला मागच्या गलक्यावरून कळलं. मग गलका थांबला आणि धोंडीरामांनी विचारलं, "पाऊस हाय का?"

चाळीस बायका श्वास धरून ऐकतायत हे पावणेतीन हजार किलोमीटरवरूनही ऐकू येतं. मी वर पाहिलं. आकाश निळंच होतं.

"हाय," मी म्हणालो. "लई हाय. छत्री टिकंना."

पलीकडून "आगं माय!" असा जो आवाज आला, तो माझ्या कानातून अजून गेलेला नाही. खोटं बोलून इतकं बरं मला पूर्वी कधी वाटलं नव्हतं आणि नंतर इतकं वाईटही नाही. कॅन मी भरून घेतली. पाऊस नसताना ती कशी भरली, हे मात्र मी कोणालाही सांगणार नव्हतो. साडेपाच हजार किलोमीटरची सगळी अब्रू आता त्या झाकणाखाली होती.

तर मी फाट्यावर बाभळीखाली अजून न आलेला असा बसलो होतो. नऊच्या सुमाराला टँकर आला. आमच्या गल्लीचा टँकर मी लांबून ओळखतो, कारण त्याचं मागचं चाक एका बाजूला कलतं. तो गावाकडं न वळता थेट मंडपाकडं आला आणि बंकटनं नळी ओढून जमिनीवर पाणी मारायला सुरुवात केली.

"हे काय करतो बे?" मी ओरडलो.

"धुराळा बसवतो. साहेबांला दमा हाय."

"आन् गल्ली?"

"उद्या दोन फेऱ्या टाकू की. आज तुमचा सत्कार हाय न्हवं?"

म्हणजे माझ्या सत्कारासाठी माझ्याच गल्लीचं पाणी मातीवर पडत होतं. जलदूत म्हणून ही माझी पहिली कामगिरी. मी बंकटच्या हातातली नळी धरायला गेलो, तर त्यानं दुसऱ्या हातानं माझ्याच गळ्यात कार्यक्रमपत्रिका अडकवली. तोवर टँकर निम्मा रिकामा झाला होता. उरलेला निम्माही मंडपाभोवती ओतून तो परत गेला.

पाऊण तासानं गल्ली आली. चाळीसेक बाया, कडेवर, डोक्यावर रिकाम्या घागरी. मला क्षणभर वाटलं की कलश घेऊन माझ्या स्वागतालाच येतायत, आणि मी केसांवरून हात फिरवून उभाही राहिलो. सगळ्यांत पुढं गीताबाई होती. सव्वीस दिवसांनी तिला बघत होतो. चेहरा उन्हानं रापलेला, डोळे मात्र तेच. मी हसून दोन पावलं पुढं गेलो.

"टँकर कुठं हाय?" ती म्हणाली.

मी हातानं ओल्या मातीकडं दाखवलं. तिनं मातीकडं पाहिलं, मंडपाकडं पाहिलं, फलकावरच्या माझ्या शिक्का मारलेल्या कपाळाकडं पाहिलं. मग घागर खाली ठेवून जवळ आली. "लई वाळलात," एवढंच म्हणाली. मी तिचा हात धरणार तोच बंकट मध्ये आला.

"वहिनी, तुमचा हार अकराला हाय."

अकरा वाजले. बारा वाजले. लाउडस्पीकरची परवानगी अकरा ते एक होती, मोहनराव दीड वाजता आले. बंदोबस्ताच्या जमादारांनी तेव्हा मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि कायद्याची बूज राखली. मला फाट्यापासून मंडपापर्यंत, म्हणजे दोनशे पावलं, गाडी चालवत आणण्यात आलं. फोटो नीट आला नाही म्हणून परत नेऊन परत आणलं. अशा रीतीनं मी एकाच दिवशी चेरापुंजीहून दोनदा आलो.

मोहनराव बोलायला चांगले. पहिली वीस मिनिटं त्यांनी सहकारावर घेतली, दहा दुष्काळावर, आणि माझ्यावर आले तेव्हा ते म्हणाले, "या माणसानं पाऊस डोळ्यांनी पाहिलाय. अंगावर घेतलाय. हे पाणी साधं न्हाई, हे आभाळातनं सरळ या कॅनमधे पडलेलं हाय." बाया टाळ्या वाजवत होत्या. रिकाम्या घागरीवर वाजवलेली टाळी जरा वेगळी वाजते. मी खाली मान घातली, ती लोकांना नम्रता वाटली.

मग कॅन आणली गेली. मोहनरावांनी झाकण काढलं, फोटोग्राफर पुढं सरकला, आणि ते तलावाच्या तडकलेल्या मातीवर कॅन तिरपी करणार तोच पुढच्या ओळीतून भिमाबाई उठली.

भिमाबाई माझी चुलती. वय सत्तरीपुढं. ती काठी टेकत थेट मोहनरावांपुढं गेली आणि लुगड्याच्या ओच्यातून पितळेचा तांब्या काढून पुढं केला.

"मोहनराव, मातीत कावून वतता? मला द्या. आज आमच्या गल्लीत टँकर आलाच न्हाई."

आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसानं पाणी मागणं ही साधी गोष्ट नव्हे. भिमाबाईच्या लहानपणी आमच्या लोकांना विहिरीला हात लावायची सोय नव्हती. ओंजळ धरायची, आणि कोणाच्या मनात आलं तर तो वरून ओतायचा. बाबासाहेबांच्या मागं आमचे लोक बौद्ध झाले तेव्हा ती पोर होती. तेव्हापासून तिनं उभ्या गावात कोणाकडं पाणी मागितलं नव्हतं. मोहनरावांनाही ते ठाऊक असावं. माणूस वाईट नाही, नुसता चेअरमन आहे. ते घाईघाईनं ओतायला लागले, सवयीनं जरा वरूनच. भिमाबाईनं तांब्या उचलला आणि त्याचा काठ कॅनच्या तोंडाला टेकवून धरला.

आमच्या भागात एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाणी पडताना दिसलं की मागं रांग लागते. ती कोणी लावावी लागत नाही. अर्ध्या मिनिटात चाळीस बाया घागरी घेऊन व्यासपीठासमोर उभ्या होत्या, आणि भाषणाला आलेले मोहनराव झाकणानं माप घालून पाणी वाटत होते. एका बाईला एक झाकण. "साहेब, तिला भरून घातलं, मला निम्मंच," अशी तक्रारही आली. बंकट रांग मोडायला गेला, त्याला बायांनी शेवटाला उभं केलं. फोटोग्राफर खुशीत होता.

आणि तेवढ्यात भिमाबाईनं तांब्यातलं एक घोट पाणी घेतलं. तोंडात घोळवलं. परत एक घोट घेतला. मग माझ्याकडं वळली.

"शहादेव, हे पावसाचं पानी न्हाई."

माईक चालू होता. फाट्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत गेलं ते.

"काकू..." मी म्हणालो.

"पावसाच्या पान्याला चव नसती. हे दगडातून आलेलं हाय. झऱ्याचं. साठ वर्सं डोईवर पानी वाहते मी, मला नको सांगू."

मोहनरावांचा झाकणाचा हात हवेतच राहिला. धोंडीराम मागून म्हणाले, "मी फोनवरच वळखलं होतं," आणि पुढं काही बोलले नाहीत, हा त्यांच्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग. सगळा मंडप माझ्याकडं बघत होता. मला पळून जावंसं वाटलं, पण साडेपाच हजार किलोमीटर पळून आल्यावर आणखी पळायला जागा राहत नाही. मी माईक हातात घेतला.

"पाऊस नव्हता," मी म्हणालो. "एक थेंबबी नव्हता. फोनवर मी खोटं बोललो. तुमी सगळ्या ऐकत होतात, माझ्याच्यानं न्हाई म्हणवलं न्हाई."

कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कोणी हसलं नाही.

"मंग पानी?" भिमाबाई म्हणाली.

"तिथंबी नळावर रांग होती काकू. अशीच. बायांचीच. झऱ्याचं पाणी नळाला येतं, तेबी तासभर."

रांगेत कुजबूज झाली. चेरापुंजीला रांग! ही बातमी त्यांना पाऊस नसण्यापेक्षा मोठी वाटली. गल्लीतली केशरबाई शेजारणीला म्हणाली, "घ्या. तिथंबी."

"लांब होती का रांग?" भिमाबाईनं विचारलं.

"लई. मी शेवटाला उभा राहिलो. माझा नंबर यायच्या आत पाणी जानार होतं."

"मंग तुला मिळालं कसं?"

हेच मला सांगायचं नव्हतं. जलदूतानं कष्टानं मिळवलं असतं, चोरलं असतं तरी चाललं असतं. "पुढं एक बाई उभी होती," मी म्हणालो. "तिचा नंबर आलता. तिनं माझ्या गाडीचा नंबर बघितला, कॅन बघितली, आन् मला हातानं पुढं बोलावलं. आपली घागर बाजूला केली आन् आदी माझी कॅन भरली. ती भरली आन् नळ गेला."

"म्हंजे तिची घागर?"

"रिकामीच राहिली."

रांगेतल्या चाळीसही बायांना, नळ गेल्यावर रिकामी घागर उचलताना कसं वाटतं, हे मी सांगायची गरज नव्हती. मोहनरावांनी झाकण हळूच रिकाम्या कॅनवर ठेवलं. रांगेत शेवटून तिसरी गीताबाई होती. तिच्यापर्यंत पाणी पोचलंच नव्हतं. तिनं तिथूनच विचारलं.

"नाव काय तिचं?"

मी माईक तोंडापाशी धरून उभा राहिलो.

"इचारलं न्हाई?"

"थँक्यू म्हणालो," मी म्हणालो.

गीताबाईनं नुसतं फलकाकडं पाहिलं. त्यावर माझं नाव तीन ठिकाणी होतं, मोहनरावांचं पाच ठिकाणी, मंडपवाल्याचं एक ठिकाणी.

सत्कार उरकला. मोहनरावांनी प्रशस्तिपत्र दिलं. त्यावर 'एकट्याने पूर्ण केलेला प्रवास' असं छापलेलं होतं. मग मला गावात शिरायची परवानगी मिळाली. शेवटचे दोन किलोमीटर गीताबाई मागं बसली होती, मांडीवर रिकामी घागर घेऊन, म्हणजे प्रशस्तिपत्र तसंही खोटं ठरलं. वाटेत तिनं एकदाच विचारलं, "तिच्या पायात काय होतं?" मला आठवलं नाही. आठवायचा मी फार प्रयत्न केला, घर आलं तरी आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी टँकरच्या रांगेत मी उभा राहिलो. लग्नाला अकरा वर्षं झाली, पहिल्यांदाच. कारकुनानं घागर धरणं आमच्याकडं शोभत नाही, म्हणून मी संघाची कॅन धरली होती. धोंडीरामांनी कॅन कोणत्या कोनात धरली म्हणजे जास्त पाणी बसतं हे समजावून सांगितलं. दीड तास उभा राहून माझा नंबर आला, तेवढ्यात एक परका माणूस प्लॅस्टिकची बाटली घेऊन रांगेशी येऊन घुटमळला. तमिळनाडूहून बोअरच्या गाड्या येतात ना, त्यातल्या एकीवरचा. खालच्या शिवारात सातशे फूट खोल जाऊन नुसता फुफाटा काढला होता बिचाऱ्यानं, केसांपासून पायापर्यंत पांढरा झालेला. दुसऱ्यांसाठी पाणी शोधत फिरणाऱ्या माणसाला प्यायला पाणी नव्हतं. मी त्याला हातानं पुढं बोलावलं.

त्यानं बाटली भरली, "थँक्यू सार" म्हणाला आणि चालायला लागला.

मी बघत राहिलो. खरं सांगायचं तर मला राग आला. दीड तासाचा नंबर दिला आणि हा गृहस्थ नाव न विचारता चालला! मग पलीकडं गीताबाई दिसली. ती माझ्याकडंच बघत होती.

मी कॅन खाली ठेवली आणि पळत त्याच्यामागं गेलो. त्याचं नाव सेल्वम. पायात निळ्या स्लीपर होत्या, एकीचा पट्टा तारेनं बांधलेला. माझं नाव त्यानं विचारलं नाही.

परत आलो तोवर माझा नंबर गेला होता. भिमाबाईनं माझी कॅन काठीनं मागं सरकवली आणि म्हणाली, "शेवटाला उभा राहा."

मी जाऊन उभा राहिलो.